चुकवलेली घरं

नळदुर्गात माझ्या कामाला नाव नाही. पोस्टमन मला 'परदेशी पार्सलवाले सर' म्हणतो. पेठेतले लोक 'इंग्रजीचे सर' म्हणतात. मोहल्ल्यातल्या काही जुन्या मंडळींचा अजूनही समज आहे की मी धर्मग्रंथांवर काहीतरी मोठं काम करतोय. खरं काम सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. अरबी भाषेत आज जी माणसं कथा-कादंबऱ्या लिहितात, त्यांची पुस्तकं मी इंग्रजीत आणतो. म्हणजे आणत होतो. आता डोळे थकले, मान थकली आणि खरं सांगायचं तर मनही थकलं. दिवाळी अंकासाठी कामातले अनुभव लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा नकोच म्हणणार होतो. पण एक गोष्ट बरेच दिवस सलते आहे. ती इथं सांगून टाकतो.

अरबी कुठं शिकलात, हे सगळे विचारतात. आमच्याकडं लहानपणी अरबी वाचायला शिकवतात, अर्थाचं नंतर बघू म्हणतात. मीही घडाघडा वाचायचो. एकदा उस्तादांना विचारलं, याचा अर्थ काय. ते म्हणाले, आधी वाच, अर्थ पुढं भेटेल. मला तो हैदराबादला शिकायला गेल्यावर भेटला, आणि तिथंच कळलं की या भाषेत आजही माणसं भांडतात, प्रेम करतात, सरकारला शिव्या देतात आणि ते सगळं लिहूनही ठेवतात. मग धाराशिवच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. रोज एसटीनं जाऊन-येऊन. वाचन सगळं एसटीत. हातात अरबी पुस्तक दिसलं की लोक सरकून जागा देत. एकदा तुळजापूरला चढलेल्या एका म्हातारीनं माझं पुस्तक हातात घेऊन कपाळाला लावलं. त्या कादंबरीचा नायक दारू पिऊन बायकोच्या घराबाहेर पायरीवर पडलेला होता. मी गप्प बसलो. धाराशिव अजून लांब होतं आणि खिडकीची जागा मिळाली होती.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. परदेशातला प्रकाशक पुस्तक पाठवतो, आधी नमुन्याची वीस पानं करून मागतो, पसंत पडली तर सगळं करायला सांगतो. दिवसाला पान, दीड पान होतं. त्याहून जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी ते फाडावं लागतं. वर्षभरानं हस्तलिखित जातं, मग संपादक खुणा करून परत पाठवतो, मग मुद्रितं, मग एक दिवस सहा प्रतींचं खोकं. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव. आपलं आत, लग्नपत्रिकेवर खाली छापखान्याचं नाव असतं तेवढ्या अक्षरात. अशी माझी एकोणीस पुस्तकं झाली. जिल्ह्यातल्या एकाही वाचनालयात त्यातलं एकही नाही, आणि त्यात वाचनालयांचा काही दोष नाही.

चुकून कधी माझ्याकडं खरं गिऱ्हाईकही यायचं. भूमकडचा एक जण दोन एसटी बदलून आला. आखातातल्या एका घरात सात वर्षं स्वयंपाकी होता, कायमचा परत आला आणि सहा महिन्यांनी तिथून लिफाफा आला. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाला, "कोर्टाचं असंल का वो सर? म्या तर काय बी उचलून आणलं न्हाय." मी पत्र वाचलं. मालकाच्या आईनं लिहिलं होतं: तू गेल्यापासून घरात डाळ कुणी खात नाही, तू तिच्यात काय घालत होतास ते कळव. तो बराच वेळ हसला, मग डोळे पुसले, मग म्हणाला, "येसर घालत हुतो. आईनं करून दिलेली. संपल्यावर तिथंच धान्य भाजून करायचो." येसर म्हणजे काय, कुठली धान्यं किती भाजायची आणि कोणते मसाले घालून दळायचे, हे अरबीत लिहायला मला अर्धा दिवस लागला. तितका चोख अनुवाद मी एकोणीस पुस्तकांत केला नसेल. त्या म्हातारीचं उत्तर आलं की नाही, ठाऊक नाही. तो परत आला नाही, म्हणजे जमलं असावं.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय माझं काम झालंच नसतं. वीरभद्रअण्णा पेठेतल्या भुसार दुकानाचे मालक. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. मूळचे लोहारा तालुक्यातले. भूकंपात गाव गेलं, दुकान गेलं, आणि मेव्हण्याच्या आधारानं ते नळदुर्गात आले. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आमच्या मोहल्ल्यात दखनी. "मला दोनच भाषा येत न्हाईत," ते सांगतात, "एक अरबी आन एक इंग्रजी."

एकदा दुकानात साखर बांधून घेताना त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बघून विचारलं, "काय हाय वो त्यात?" मी जेवढं वाचलं होतं तेवढं मराठीत सांगायला लागलो. सांगता सांगता एका ठिकाणी अडलो. बाई रागावून निघून जाते एवढं कळलं होतं, का जाते ते मला स्वतःलाच कळलेलं नव्हतं. इंग्रजीत मी ते वाक्य बिनदिक्कत लिहून मोकळा झालो होतो. इंग्रजीत न कळलेलंही छान दिसतं. अण्णांपुढं ते चाललं नाही. "मग गेली कशापायी?" म्हणाले. मी घरी येऊन ते पान पुन्हा केलं.

तेव्हापासून अशी रीत पडली. सकाळी आठला, लिंगपूजा आटोपून अण्णा आमच्या ओसरीवर यायचे. बिनसाखरेचा चहा. मी अरबी पान समोर धरून ते मराठीत सांगायचो आणि वहीच्या उजव्या बाजूला तसंच उतरवायचो. डाव्या बाजूला अण्णा काय म्हणाले ते. ते गेल्यावर इंग्रजी लिहायला बसायचो. अरबी माझ्या घरची नाही, इंग्रजीही नाही. दोन परक्या दारांमध्ये निरोप पोचवताना मध्ये एकदा आपल्या अंगणात थांबून घ्यावं, तसं ते होतं. वीस वर्षं आम्ही अशी काढली.

कादंबरी म्हणजे रचलेली गोष्ट, हे अण्णांनी कधी मान्य केलं नाही. त्यांच्या लेखी ही माणसं कुठंतरी होती आणि आपल्याला त्यांची ख्यालीखुशाली कळत होती. एका कादंबरीत एक म्हातारा शेळी घेऊन शहरात येतो, कोर्टाबाहेर तिला बांधतो आणि आत जातो. आत त्याला अटक होते आणि पुढची गोष्ट सगळी तुरुंगात चालते. दहा प्रकरणं झाल्यावर अण्णा म्हणाले, "सर, त्या शेळीचं काय झालं?"

"कुठली शेळी?"

"कोर्टाच्या भायेर बांधलेली. तीन महिनं झालं. पाणी कुणी पाजलं?"

मी मागची पानं चाळली. शेळी खरंच तशीच होती. लेखकाला पत्र लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं की इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही, मीच विसरलो. इंग्रजी आवृत्तीसाठी त्यांनी एक नवं वाक्य पाठवलं: कोर्ट झाडणाऱ्या बाईनं शेळी घरी नेली. अण्णांना सांगितलं. "मग बरं झालं," म्हणाले आणि चहा प्याले. त्या दिवसापासून स्वतःच्या स्मरणापेक्षा अण्णांच्या स्मरणावर माझा जास्त भरवसा बसला. पुढं तो कामाला आला आणि नडलाही.

नुहाबाईंची कादंबरी आली ती माझ्या निवृत्तीनंतर. नुहाबाईंचं शहर लढाईत गेलं, त्यांची गल्ली बॉम्बनं सपाट झाली. त्या मुलीला घेऊन एका थंड देशात गेल्या. दिवसा एका शाळेच्या भटारखान्यात काम करतात, उरलेल्या वेळात लिहितात. कादंबरी त्यांच्या वडिलांवर आहे. वडील कुलपं दुरुस्त करायचे. पुस्तकाच्या मध्यावर अकरा पानांचं एक प्रकरण आहे आणि त्यात काहीही घडत नाही. रोटीच्या भट्टीपासून शहराच्या जुन्या तटापर्यंत त्यांच्या गल्लीतली चाळीस-एक घरं, एकामागून एक. कोण राहायचं, घरात कोण कोण होतं, बस्स. पहिलं घर अबू सालिम घड्याळवाल्याचं, त्याची बायको आणि बायकोची आंधळी आई. दुसरं उम्म फारिसचं. आपल्याकडं 'पिंट्याची आई' म्हणतात तसं तिकडं उम्म फारिस. मग सुतार, मग दोन भाऊ एकमेकांशी न बोलणारे, पाचवं हाज यासीन रंगाऱ्याचं. अशी एकेक घरं.

मी हे सांगत होतो तेव्हा अण्णांनी डोळे मिटले. मला वाटलं, लागला डोळा. अकरा पानं संपल्यावर म्हणाले, "परत वाचा." परत वाचलं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या पुन्हा तेच प्रकरण मागितलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि स्वतःच सुरुवात केली.

"आमची गल्ली मारुतीच्या पारापासनं. डाव्या हाताला दगडू सुतार, त्याची आई, तीन पोरं. त्याला लागून आमचं. मग रंगाऱ्याचं, आमची आन त्याची भिंत एकच. मग इंदू कासारीण. मग न्हाव्याची दोन घरं. मग जंगम..." ते वेशीपर्यंत गेले. कुठं अडखळले नाहीत. इतक्या वर्षांत भूकंपाबद्दल ते माझ्याशी एक वाक्य बोलले नव्हते. मी डाव्या बाजूला सगळं उतरवून घेतलं.

मग त्यांनी आवतणाचं सांगितलं. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसवलं तेव्हा घरं जमिनीच्या मापानं मिळाली. जास्त जमीनवाल्याला मोठं, भूमिहीनाला लहान, आणि एका मापाची घरं एका ओळीत. त्यात जुनी गल्ली विस्कटली. भिंतीला भिंत लागून राहणारी माणसं गावाच्या दोन टोकांना गेली. पण लग्नाचं आवतण द्यायला त्या गल्लीची माणसं आजही जुन्या क्रमानंच निघतात. या ओळीतून त्या ओळीत, तिथून परत माघारी, उन्हात दुप्पट चालतात. ज्या घरात कुणीच उरलं नाही, त्याचंही नाव मोठ्यानं घ्यायचं, जरा थांबायचं, मग पुढं.

"सरळ ओळीनं गेलं तर काय होईल?" मी विचारलं.

"एक घर चुकलं की पुढची समदी चुकत्यात, सर. आन आवतणाला घर चुकवलं म्हंजी तोंडावर सांगितल्यावाणी झालं, तुमी आमचे न्हाय."

हे मी डोक्यात ठेवायला हवं होतं. वहीत मात्र नीट लिहून ठेवलं.

अनुवाद पुरा झाला, गल्लीचं प्रकरण तेवढं कच्चंच पाठवलं होतं, नावं पक्की करायची राहिली होती. संपादकबाई फार सभ्य होत्या. त्यांनी लिहिलं की गल्लीचं प्रकरण सुंदर आहे, पण आमचा वाचक इथं पुस्तक खाली ठेवेल. सुरुवातीची सहा घरं ठेवू या, मग 'आणि असंच, घरामागून घर, थेट तटापर्यंत' असं एक वाक्य. एका पानात भागेल. लेखिकेची परवानगी घ्यायला हवी, असंही त्यांनीच लिहिलं होतं. मी कळवलं, मी बोलतो त्यांच्याशी.

मी नुहाबाईंना फोन लावला. इकडचं-तिकडचं बोलणं झालं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनीच विचारलं, "माझी गल्ली कशी झाली इंग्रजीत?"

"छान झाली," मी म्हणालो.

"सगळे आले?"

"आले."

संपादकबाईंना लिहिलं की लेखिकेची हरकत नाही.

असं का केलं, याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. आधीचा प्रकाशक नुकताच बंद पडला होता. आडमुठेपणा केला तर पुस्तकच बारगळेल अशी भीती होती. डोळ्याची शस्त्रक्रिया व्हायची होती. ही सगळी कारणं खरी आहेत, पण खालचं कारण वेगळं आहे. मला कंटाळा आला होता. नावांची अकरा पानं, प्रत्येक नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते ठरवायचं, मग ते पुस्तकभर तसंच राहिलंय का बघायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांची माणसं सांभाळून मी थकलो होतो, आणि कुणीतरी 'चाळीसातली सहाच सांभाळा' म्हणालं तर मला बरं वाटलं. हे कारण आमच्या धंद्यात कुणी लिहीत नाही. हल्ली प्रकाशक यंत्राकडून केलेला मसुदा पाठवतात आणि नुसता हात फिरवून द्या म्हणतात. मी त्या यंत्राला पुष्कळ नावं ठेवतो. पण त्याला कंटाळा येत नाही, एवढं कबूल करावं लागतं.

खोकं आलं. अण्णांनी प्रत हातात घेतली, वजन बघितलं आणि म्हणाले, "गल्लीचं वाचा."

"इंग्रजीत आहे अण्णा. तुम्हाला काय कळणार?"

"नावाला काय इंग्रजी आन काय अरबी. वाचा तुमी."

मी वाचायला लागलो. अबू सालिम. अण्णांनी डोळे मिटून मान हलवली. उम्म फारिस. हाज यासीन आला, सहावं घर आलं, आणि मी थांबलो.

"पुढं?"

"पुढं... असंच तटापर्यंत."

"असंच म्हंजी?"

मी सांगितलं. प्रकाशक, वाचक, पानं, सगळं सांगितलं. फोनचंही सांगितलं. अण्णांनी अर्धा कप खाली ठेवला, टोपी डोक्यावर नीट केली.

"सर, तुमी घरं चुकवली," म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी नसीमनं, माझ्या बायकोनं, त्यांच्यासाठी वेगळं ठेवलेलं बिनसाखरेचं आधण ओतून दिलं आणि आतून विचारलं, "तुमे कुछ बोले क्या अण्णाकू?" मी म्हणालो, नाही. भांडण झालंच नव्हतं. पेठेत भेटले की 'बरं हाय का सर' विचारायचे, तांदूळ द्यायला मुलाला सांगायचे. आठ महिने गेले. आठला ओसरीवर खुर्ची टाकायची माझी सवय गेली नाही. मी एकटाच तिथं बसायचो आणि काम होत नसे. त्या काळात पुस्तकाची तारीफही झाली. एका परीक्षणात लिहिलं होतं की गल्लीचं प्रकरण किती संयमानं आटोपलं आहे. मी ते कात्रण कुणाला दाखवलं नाही.

मग एक पत्र आलं. नुहाबाईंच्या मुलीचं, लीनचं. वय सतरा. इंग्रजी स्वच्छ होतं, रागाचा शब्द नव्हता. तिनं लिहिलं होतं:

'मी लहान असताना आम्ही निघालो. मला अरबी बोलता येतं, वाचता येत नाही. आईचं हे पुस्तक मी तुमच्यामुळं वाचू शकले. आई म्हणते, आजोबांचं घर भट्टीपासून नववं. मी मोजलं. तुमच्या पुस्तकात सहा घरं आहेत आणि मग "असंच, घरामागून घर". मला आईला विचारायची भीती वाटते, म्हणून तुम्हाला विचारते. माझे आजोबा त्या "असंच"मध्ये आहेत का?'

ते पत्र मी दिवसभर खिशात घेऊन फिरलो. संध्याकाळी किल्ल्यापर्यंत चालत गेलो आणि वर न चढता परत आलो. नसीमला वाचून दाखवलं. ती इतकंच म्हणाली, "बच्ची घर पूछरी. बता देव ना."

अकरा पानं करायला मला तीन आठवडे लागले. एक डोळा पाणावतो, दुसरा लवकर शिणतो. पण एकेक घर केलं. पहिल्यापासून सगळी, शेवटी तटाला लागून राहणाऱ्या माठ विकणाऱ्या जोडप्यापर्यंत. नववं घर आलं तेव्हा उठून पाणी प्यालो. त्यात मोठं काही नव्हतं. 'कुलपं दुरुस्त करणारा इब्राहिम, त्याची बायको, दोन मुलगे आणि मी.' एवढंच वाक्य. ते मी असंच, घरामागून घर, करून टाकलं होतं.

कागद घेऊन दुकानात गेलो. अण्णा आत, ज्वारीच्या पोत्यांना टेकून बसले होते. पाय सुजले होते. म्हणालो, "अण्णा, चुकवलेली घरं लिहून आणलीत. ऐकता का?"

त्यांनी मुलाला रेडिओ बंद करायला सांगितला आणि डोळे मिटले. मी नावं वाचत गेलो, ते बोटांच्या पेरांवर मोजत गेले. हाज यासीन रंगारी झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"थांबा. रंगाऱ्याच्या पलीकडं कासारीण राहिली की. एकटी असायची. एकटीला कोण धरतंय, म्हणून तुमी बी सोडली व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं करूनही एक घर चुकलंच. तिथंच पोत्यावर कागद ठेवून मी लिहिलं: 'सहावं घर, बांगड्या भरणाऱ्या बाईचं, ती एकटीच राहायची.' पुढचे आकडे एकेकानं वाढवले. वाचून झाल्यावर अण्णा भिंतीला धरून उठले आणि दुकानाच्या पायरीपर्यंत माझ्याबरोबर आले. "आता पाठवा," म्हणाले. मी त्याच दुपारी लीनला सगळं पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी आठला अण्णा ओसरीवर हजर होते. नसीमनं बिनसाखरेचा चहा आणून ठेवला.

आमच्या धंद्यात एकच नियम आहे. शंका आली तर मूळ पुस्तक उघडून बघावं. अण्णांच्या बाबतीत मला शंकाच आली नाही. डोक्यात ती शेळी होती.

नऊ दिवसांनी लीनचं उत्तर आलं. आजोबा सापडले, तिनं लिहिलं होतं. तिनं ती पानं आईला वाचून दाखवली. इंग्रजी पुस्तकात काय झालं होतं, तेही आता आईला कळलं आहे. पण आजोबा दहावे आले आहेत. आई म्हणते, आमच्या गल्लीत बांगड्या भरणारी बाई कधीच नव्हती. ती कोण आहे, असं आई विचारते आहे.

मी मूळ पुस्तक उघडलं. रंगारी, आणि पुढं थेट सराफाचं घर. मग जुनी वही उघडली. उजवीकडं नुहाबाईंची गल्ली, डावीकडं अण्णांची, आणि डाव्या बाजूला माझ्याच अक्षरात: 'रंगारी. मग इंदू कासारीण.' रंगारी दोन्ही गल्ल्यांत होता. त्याच्या दारातून अण्णा एका गल्लीतून दुसरीत गेले होते.

सकाळी ते आले तेव्हा मी वही पुढं धरली आणि सांगितलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"व्हय, आमच्यातली ती," म्हणाले. "माझ्या बहिणींच्या लग्नात हातभर चुडा तिनंच भरला हुता. तिचं कोणच न्हाय राहिलं, ना सासरचं ना माहेरचं. आवतणात तिचं नाव घ्यायला म्याच जात हुतो. औंदाच्या लग्नाला पाय उचलंना म्हणून पोरं गेली. त्यांनी तिचं नाव घेतलं का न्हाय, म्या इचारलं न्हाय. भ्या वाटलं." मग म्हणाले, "काढून टाका सर. दुसऱ्याच्या गल्लीत कशापायी."

मी त्याच दिवशी नुहाबाईंना अरबीतून लिहिलं. फोनवर खोटं बोललो ते लिहिलं, कंटाळा लिहिला, प्रकाशकाला कळवलंय तेही लिहिलं. पुन्हा छपाई झाली तर प्रकरण पूर्ण घेऊ असं प्रकाशकाचं म्हणणं आहे, ती होईल की नाही मला ठाऊक नाही. शेवटी कासारणीचं लिहिलं. ती कोण, कुठली, तिचं नाव कोण घ्यायचं, आणि या माणसाला त्या दिवशी काय झालं. तिला काढून कागद पुन्हा पाठवतो, म्हणून माफी मागितली.

महिनाभर उत्तर आलं नाही. मी ते येईल असं धरलंही नव्हतं. मग आलं, चार ओळींचं. अण्णा समोर होते, म्हणून तिथंच मराठीत सांगितलं.

'तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, ते मी विसरणार नाही. माझ्या मुलीला तिचं घर दिलंत, तेही विसरणार नाही. माझे वडील नववे होते, दहावे झाले तरी चालतील. त्यांच्या अलीकडं एक एकटी बाई राहायला आली आहे, तिला आता उठवू नका.'

अण्णांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. चहा गार झाला होता, तो तसाच प्याले.